टर्बो गाडीचं ‘कस्टम’ इनटेक: बे एरियात झालेली माझी फसवणूक

कॅलिफोर्नियात राहून हौसेनं टर्बो गाड्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र असलेल्या गाड्या, ठेवणारी बरीच मराठी मंडळी माझ्या ओळखीत आहेत. त्यातल्या निम्म्यांनी तरी कधी ना कधी ‘कोल्ड एअर इनटेक बसवून घेऊ का?’ असं विचारलंय. इनटेक म्हणजे बाहेरची हवा फिल्टरमधून इंजिनाकडे नेणारी नळी; थंड हवा मिळावी म्हणून ती बदलतात. मी बसवून घेतलं होतं, एका फॅब्रिकेशनवाल्याकडून, म्हणजे धातूचे भाग बनवून देणाऱ्या गॅरेजवाल्याकडून, खास माझ्या गाडीसाठी बनवलेलं म्हणून. त्याचं नाव इथे देत नाही, कारण प्रकरण अजून कोर्टात आहे. त्यानं काय काय केलं ते मात्र तपशिलात सांगतो. याच पद्धतीनं उद्या कुणालाही गंडवता येईल.

गाडी २०१६ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय. अडीच लिटरचं टर्बो इंजिन, कंपनीच्या आकड्यानुसार ३०५ हॉर्सपॉवर, सहा गिअरची मॅन्युअल. ठरलेलं काम इमेलवर लेखी होतं: ॲल्युमिनियमची मँड्रेल बेंड केलेली नळी, म्हणजे वळणावर आतून चेपली न जाणारी, हवा मोजणाऱ्या मॅफ सेन्सरसाठी टिग वेल्डिंगनं बसवलेली फ्लँज, म्हणजे सेन्सर पकडणारी बैठक, फिल्टरभोवती इंजिनची उष्णता अडवणारी बंद पेटी, नावाजलेल्या कंपनीचा फिल्टर, डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडीच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग, आणि ‘कार्ब लीगल’, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण नियमांत बसतं असं सांगणारं, स्टिकर. सगळे मिळून १८५० डॉलर. निम्मे आधी क्रेडिट कार्डावर, उरलेले गाडी घेताना. काढलेले मूळ भाग परत हवेत, हेही मी त्याच इमेलमध्ये लिहिलं होतं.

‘पस्तीस हॉर्सपॉवर वाढणार’ असं त्यानं ठासून सांगितलं होतं. हा आकडा जरा तपासून पाहू. टर्बोत हवा दाबली जाते तशी ती तापते. बाहेर २५ अंश असताना दाब दुप्पट केला, तर टर्बोतून निघणारी हवा सहज ११० अंशांच्या आसपास जाते. पुढे इंटरकूलर तिला थंड करतो. त्यामुळे टर्बोत शिरणारी हवा पाच-दहा अंशांनी थंड असली तरी सिलिंडरपर्यंत पोचताना त्यातला फारच थोडा फायदा उरतो. शिवाय बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, किती द्यायचा हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. त्याचा प्रोग्रॅम जुनाच ठेवला तर तो जुनंच लक्ष्य गाठून थांबतो. आणखी एक गैरसमज: एसटीआयच्या बॉनेटवरचा तो मोठा स्कूप, म्हणजे हवा घेणारं तोंड, इनटेकसाठी आहे असं बरेच जण समजतात. तो इंटरकूलरसाठी आहे. इंजिनची हवा कंपनीच्या एअरबॉक्समध्ये, म्हणजे फिल्टरच्या डब्यात, पुढच्या जाळीमागूनच येते, म्हणजे ती मुळातच बाहेरची, थंड असते. नुसती नळी बदलून अशा गाडीत पस्तीस हॉर्सपॉवर मिळतील असं कुणी म्हणत असेल, तर त्याच्याकडे मोजमापाचे कागद मागा.

कागद त्यानं दिला होता, आणि तोच पहिला खोटा निघाला. गाडी घ्यायला गेलो तेव्हा डायनोचा रंगीत आलेख हातात ठेवला: निळी रेषा ‘आधी’, लाल रेषा ‘नंतर’, मध्ये भरघोस अंतर. त्याच वेळी कार्डाचं मशीन बंद आहे म्हणून उरलेली रक्कम मोबाइलच्या पैसे पाठवायच्या ॲपवरून मागितली. चावी त्याच्या हातात होती आणि गॅरेज बंद व्हायला आलं होतं. घाई करायला लावणं हा या धंद्यातला नेहमीचा डाव आहे. ॲपवरून एकदा गेलेले पैसे कार्डासारखे मागे ओढता येत नाहीत, हे त्याला पक्कं माहीत होतं.

घरी जाताना गाडी जोरात पळतेय असं वाटत होतं. हा भासही या फसवणुकीला मदत करतो. कंपनीचा एअरबॉक्स टर्बोचा आवाज दाबून ठेवतो. तो काढला की टर्बोची शीळ आणि पाय उचलल्यावरचा फुसकारा थेट कानावर येतो, आणि आवाज वाढला की वेगही वाढल्यासारखा वाटतो.

मग चेक इंजिनचा दिवा लागला. सुबारूत त्याबरोबर क्रूझ कंट्रोलही बंद पडतो आणि त्याचा दिवा लुकलुकत राहतो. कोड निघाला पी०१७१, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला, ‘कॉम्प्युटरला नवीन इनटेकची सवय व्हायला वेळ लागतो, चालवत राहा.’ हे वाक्य कुणाकडून ऐकलंत तर गाडी चालवू नका. एसटीआयच्या या इंजिनाचे पिस्टन ओतीव आहेत. पेट्रोल कमी आणि बूस्ट जास्त अशा स्थितीत नॉकिंग झालं, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप पेटून ठोके बसले, तर पिस्टनवरच्या रिंगांमधल्या कडा तडकतात. ही या इंजिनाची सर्वांना माहीत असलेली नाजूक जागा आहे. तिथे तडा गेला की इंजिन उघडावंच लागतं, आणि तो खर्च हजारो डॉलरांत जातो.

गाडी मी एका मित्राच्या गॅरेजमध्ये नेली. तो मूळचा पुण्याचा. इंजिनिअरिंगला असताना त्यानं फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसिंग कार स्पर्धेच्या गाडीचं इनटेक बनवलं होतं. त्या स्पर्धेत पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातूनच न्यावी लागते, त्यामुळे नळीतली हवा कशी वागते हे तिथली मुलं हाताला फोड येईपर्यंत शिकतात. बॉनेट उघडून त्यानं नळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘अरे, ही तुझ्या गाडीसाठी वाकवलेलीच नाही. बाजारात मिळणाऱ्या युनिव्हर्सल किटचे दोन तुकडे कापून सिलिकॉनच्या जोडानं जोडलेत. वर काळा पावडर कोट मारलाय, म्हणजे जोड दिसायला नको.’

नळी काढल्यावर आतलं दिसलं. फ्लँजचं वेल्डिंग आतल्या बाजूला फुगून आलं होतं, त्याचे गोळे सेन्सरच्या अगदी तोंडाशी. फ्लँज वळण संपतं तिथेच बसवलेली. मॅफ सेन्सर सगळी हवा मोजत नाही. नळीतल्या एका ठिकाणी तापवलेल्या तारेवरून हवा किती वेगानं जाते ते पाहून तो एकूण हवेचा अंदाज करतो. म्हणून त्याच्या आधी नळी सरळ हवी आणि आतून गुळगुळीत हवी. वळणावर हवा एका भिंतीला ढकलली जाते, भोवरे उठतात आणि आकडा दर क्षणाला उड्या मारतो.

त्याहून मोठी गडबड नळीच्या मापात होती. सेन्सरपाशी तिचा व्यास मूळ नळीपेक्षा जास्त होता. व्यास १० टक्के वाढला की आतलं क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं, म्हणजे तेवढीच हवा साधारण १७ टक्के कमी वेगानं जाते. सेन्सर म्हणतो, हवा कमी आली. कॉम्प्युटर त्या हिशेबानं पेट्रोल कमी सोडतो. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर ती तूट भरून काढत राहतो. पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे पेडल पूर्ण दाबल्यावर, जिथे इंजिनावर सगळ्यात जास्त ताण असतो, तिथे त्याचा आधार पुरत नाही. म्हणूनच मॅफवर चालणाऱ्या गाडीची नळी बदलली की सेन्सरचं टेबल, म्हणजे त्याच्या संकेतावरून किती हवा धरायची याचा कॉम्प्युटरमधला तक्ता, नव्यानं बांधावं लागतं. मित्रानं कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम वाचून पाहिला. मॅफचं टेबल कारखान्यातून आलं तसंच होतं, एक आकडाही बदललेला नव्हता. ‘डायनो ट्यूनिंग’चे पैसे घेतले होते आणि ते काम झालंच नव्हतं.

लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरनं चालताना नोंदवलेल्या आकड्यांत, कॉम्प्युटर सतत जास्तीचं पेट्रोल सोडून तूट भरताना दिसत होता आणि नॉकमुळे कॉम्प्युटरनं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे ओढलेलं होतं. सुबारूत त्यासाठी एक आकडा असतो, तो निरोगी गाडीत १ इतका असतो. माझा खाली उतरला होता. हे वाचल्यावर माझा जीव खरोखर घाबरा झाला. मी ती गाडी घरच्यांना घेऊन सिएरा नेवाडाचा घाट चढवायला नेणार होतो.

‘बंद पेटी’ म्हणजे एक वाकवलेला पत्रा निघाला, वरून आणि मागून उघडा. ट्रॅफिकमध्ये उभं असताना फिल्टर रेडिएटरमागची गरम हवा ओढत होता. थंड हवेच्या नावानं घेतलेलं हे काम कंपनीच्या प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा गरम हवा देत होतं. फिल्टरही नकली होता. नाव नावाजलेलं, पण रबरावरची अक्षरं ठशात न उमटता वरून छापलेली, आणि तेल इतकं चोपडलेलं की सेन्सरच्या तारेवर त्याचा थर बसला होता.

आता तो आलेख पुन्हा पाहिला. लाल रेषा ७६०० आरपीएमपर्यंत गेली होती. माझ्या गाडीची लाल खूण ६७०० वर आहे. म्हणजे तो आलेख कुठल्यातरी दुसऱ्याच इंजिनाचा. खऱ्या डायनोच्या कागदावर तापमान, हवेचा दाब, आर्द्रता आणि त्यांच्या हिशेबानं आकडा जुळवायला कोणतं करेक्शन वापरलं हे छापलेलं असतं. या कागदावरचा तो कोपरा कापलेला होता. ‘आधी’ आणि ‘नंतर’ची धाव एकाच दिवशी, एकाच मशीनवर आणि बॉनेट बंद ठेवून घ्यायला सांगा, आणि आलेखाच्या चित्राऐवजी मूळ फाइल मागा. खरं काम करणारा ती लगेच देतो.

स्टिकरचं प्रकरण मला सगळ्यात गंभीर वाटतं. कॅलिफोर्नियात इनटेकसारखा भाग रस्त्यावरच्या गाडीला लावायचा तर एअर रिसोर्सेस बोर्डाचा, म्हणजे कार्बचा, एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर लागतो. ‘डी’ अक्षरानं सुरू होणारा हा नंबर कार्बच्या वेबसाइटवर कुणालाही शोधता येतो, आणि त्या कागदात कोणता भाग, कोणत्या गाड्या, कोणती वर्षं हे लिहिलेलं असतं. माझ्या स्टिकरवरचा नंबर अस्तित्वात होता, पण तो एका पिकअप ट्रकच्या भागाचा होता. ही मंजुरी चाचणी झालेल्या ठरावीक उत्पादनाला मिळते. एका गाडीसाठी गॅरेजमध्ये जोडलेल्या नळीला ती आपोआप लागू होत नाही. त्यामुळे ‘तुमच्यासाठी खास बनवतो आणि कार्ब लीगलही करून देतो’ हे शब्द एकत्र ऐकले, की तिथेच नंबर शोधून पाहा. पहिली आठ मॉडेल वर्षं गाडीला दर दोन वर्षांची स्मॉग टेस्ट, म्हणजे प्रदूषणाची तपासणी, नसते, म्हणून ही लबाडी बराच काळ उघडी पडत नाही. नंतर तपासणीस बॉनेट उघडून नंबर जुळवतो आणि गाडी नापास होते. तोवर गॅरेजवाल्यानं नाव बदललेलं असतं.

पास व्हायला मूळ एअरबॉक्स परत लावावा लागतो, आणि तो त्यानं परत दिलाच नाही. आधी ‘भंगारात गेला’ म्हणाला, मग तडा गेलेला दुसऱ्याच गाडीचा डबा आणून ठेवला. काम देतानाच मागितलेले जुने भाग परत देणं कॅलिफोर्नियात गॅरेजवर कायद्यानं बंधनकारक आहे. चांगल्या एसटीआयचा एअरबॉक्स, सेन्सरसकट, सहज विकला जातो. तो त्यानं विकला असं मला वाटतं. मला जुन्या भागांच्या यार्डातून दुसरा घ्यावा लागला. तो लावल्यावर, सेन्सर साफ केल्यावर आणि कॉम्प्युटर रीसेट केल्यावर दिवा गेला, नॉकचा तो आकडा परत १ झाला. सिलिंडर दाब नीट धरतात का हे पाहणाऱ्या कॉम्प्रेशन आणि लीकडाउन दोन्ही चाचण्या करून घेतल्या. चारही सिलिंडर ठीक आहेत. गाडी थोडक्यात वाचली.

कार्डावर दिलेले निम्मे पैसे बँकेनं तक्रारीनंतर परत केले. लेखी इमेल, लॉग, नळीच्या आतले फोटो आणि कार्बचा कागद सोबत जोडला होता. ॲपवरून गेलेले पैसे बँकेनं परत केले नाहीत. राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे तक्रार केली, तेव्हा कळलं की पावतीवर छापलेला नोंदणी क्रमांकही त्या गॅरेजचा नव्हता. तो क्रमांक ब्युरोच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत तपासता येतो. काम देण्याआधी तो नक्की तपासा. उरलेल्या रकमेसाठी आणि एअरबॉक्सच्या खर्चासाठी स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, दावा लावलाय. तिथे व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत मागता येतात, वकील लागत नाही, आणि न्यायाधीश कागद बघतात.

तुमच्यापैकी कुणाच्या गाडीत असं काम झालेलं असेल, तर ते रागानं उपटून फेकू नका. आधी लॉग काढून ठेवा, वेल्डिंगचे आणि स्टिकरचे फोटो घ्या, नळी आणि पावती जपून ठेवा आणि ब्युरोकडे स्वतंत्र तक्रार करा. एकाच गॅरेजवर दोन-तीन वेगवेगळ्या गाडीमालकांच्या तक्रारी आल्या, तर तपास अधिकाऱ्याच्या हातात बरंच काही येतं. तोवर मूळ एअरबॉक्स लावूनच गाडी चालवा.