वारसनोंद सांगून आत्याकडून विकसन करारनामा करून घेतला

पुण्याच्या पेठांमध्ये ज्यांचा वडिलोपार्जित वाडा आहे, जुने भाडेकरू आहेत आणि मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव आहे, त्यांनी हे जरूर वाचावं.

महापालिकेची कलम २६४ खालची धोकादायक इमारतीची नोटीस आमच्या वाड्याच्या दाराला लागली आणि लगेच एक एजंट आत्याकडे आला. "काकू, वाडा उतरवला की भाडेकरूंचा हक्क संपतो. त्याआधी वारसनोंद करून घेऊ. बाकीच्यांच्या सह्या झाल्यात, तुमचीच राहिलीये." दोन्ही खोटं. इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच स्पष्ट केलंय. आणि सही कुणाचीच झालेली नव्हती. प्रत्येकाला तो हेच सांगत फिरत होता.

आत्याला त्याने दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं. प्रत्येक पानावर सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारून ठेवलेली. कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा. "दस्त मान्य आहे ना?" असं विचारलं, तेव्हा शेजारी उभ्या एजंटने मान हलवली म्हणून तिनेही हलवली. बाहेर आल्यावर "डागडुजीसाठी" म्हणून चेक हातात दिला. दस्तात तोच मोबदला म्हणून लिहिलेला निघाला. तिच्या हिश्श्याचा विकसन करारनामा, म्हणजे तिथे बांधकाम करायचा हक्क लिहून देणं, आणि सोबत कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तिच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार.

वारसनोंद, म्हणजे मिळकत पत्रिकेवर वारसांची नावं लावणं, नगर भूमापन कार्यालयात होते. अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र. त्यासाठी दुय्यम निबंधकापुढे अंगठा लावावा लागत नाही. तिथे तुम्हाला उभं केलं, तर तुम्ही काहीतरी लिहून देताय. आधी दस्ताचा प्रकार वाचा, घरातल्या कुणाला तरी सोबत न्या. म्हाताऱ्या माणसाला एकट्याने नेण्याची घाई करणाऱ्याला तिथल्या तिथे परत पाठवा.

आम्हाला कळलं ते चुलतभावाने नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सूची २ (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) पाहिली म्हणून. हा शोध फुकट आहे, अधूनमधून घेत जा. पोलिसांनी "दिवाणी बाब आहे" म्हणून परत पाठवलं. मोबदला घेऊन दिलेलं कुलमुखत्यारपत्र नुसत्या नोटिशीने सहजी रद्द होत नाही, म्हणून दस्त रद्द करून घेण्याचा दावा लावलाय. फसवणूक कळल्यापासून त्याला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे "बघू, बोलून मिटेल" म्हणत बसू नका. समोरचा बोलत राहतो तो वेळ काढण्यासाठीच.

आणखी एक, जे आम्हाला दुसऱ्या वकिलांनी सांगितलं. महाराष्ट्रात दावा चालू असताना मिळकत पुढे तिसऱ्याला विकली गेली, तर त्यालाही निकाल बंधनकारक राहावा, यासाठी नुसता दावा पुरत नाही; प्रलंबित दाव्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. तुमचा दावा चालू असेल, तर ती नोंदवली आहे का, हे वकिलांना आजच विचारा.