सारेगामा कारवां: आमच्या वडगावच्या घरातला अनुभव

साउंड क्वालिटीचं आधी सांगून टाकतो. गळा एकदम स्वच्छ येतो, तबला ठीक, खालचा बेस फार नाही आणि एवढ्याशा पेटीतून तो येणारही नाही. पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच, ही पेटी आल्यापासून आमच्या घरात माणसं गाणी ऐकत बसायला लागलीत, आणि म्युझिकच्या वस्तूची परीक्षा माझ्या मते यावरच व्हायला पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कारवां 2017 ला आला, दिसायला जुन्या रेडिओसारखा, आत 5000 जुनी हिंदी गाणी भरलेली, शिवाय एफएम, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह. किंमत सहा-सात हजाराच्या घरात. बॅटरीवर चालतो त्यामुळं लाइट गेली तरी अडत नाही. समोर गोल डायल आहे, तो फिरवला की लता, रफी, किशोर, मुकेश असं एकेकावर जाता येतं. नेमकं अमुकच गाणं पाहिजे म्हटलं तर डायलवर मिळत नाही, येईल ते ऐकायचं नाहीतर पुढं ढकलायचं. काहीजणांना हे खटकतं, मला तर हाच मोठा प्लस पॉइंट वाटला. मोबाईलवर अर्धं गाणं झालं की बोट पुढच्याकडं जातंच. इथं आई आधी डायल लावते मग भाकऱ्या थापायला बसते, पिठाच्या हातानं कोण बदलतंय, त्यामुळं गाणं सुरुवातीच्या म्युझिकपासून शेवटच्या अंतऱ्यापर्यंत पूर्ण होतं. आणि अमीन सायानींची रेडिओवरची जुनी गीतमाला लागली की बाबा टीव्ही बंद करून खुर्ची घेऊन येतात.

आमच्या ग्रुपमध्ये दोघंतिघं हाय-फायवाले, म्हणजे भारी स्पीकर-अँप्लिफायरच्या नादातले, आहेत. माणसं लई चांगली, कान पण तयार, म्हणूनच वाईट वाटतं, त्यांच्याकडं गेलं की मुखडा वाजतो, मग केबल बदलून परत तोच मुखडा, मग अँप्लिफायर बदलून परत तोच, अंतऱ्यापर्यंत काही आपण पोचत नाही. मी त्यांना म्हणतो बाबांनो, आपल्या गल्लीत दिवसभर कापड विणायच्या मागांचा खडखडाट चालू, त्यात 16 बिट आणि 24 बिट रेकॉर्डिंगमधला बारीक फरक कुणाला ऐकू येणार आहे सांगा की. वयाप्रमाणं वरच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे अगदी बारीक तीक्ष्ण आवाज, ऐकू येणं कमी होत जातं ते वेगळंच.

मी पेनड्राइव्हवर शास्त्रीय गायक कुमार गंधर्व भरलेत, बेळगावजवळच्या आपल्या सुळेभावीत 1924 ला जन्मलेले, आणि सोबत मिरजेचे जुन्या काळचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब. खाँसाहेबांच्या त्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, रेकॉर्डी, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, तेवढ्यात पूर्ण राग उभा करायचा. खरखर आहे, तानपुरा कुठंतरी लांब मागं. वरच्या बारीक फ्रिक्वेन्सी त्या रेकॉर्डीत आलेल्याच नाहीत, मग लाखभराचा स्पीकर त्या आणणार कुठून? पण सूर लागतो ती जागा, ती ओढ, या लहान पेटीतून सगळं पोचतं, रात्री माग बंद झाल्यावर तर अंगावर काटा येतो.

ज्याला मांडीवर वही घेऊन ऑर्केस्ट्रातलं एकेक वाद्य वेगळं काढून ऐकायचंय, शिकायचंय, त्यानं चांगले हेडफोन घ्यावेत, त्यात काही चूक नाही. घरात चारजणांनी मिळून ऐकायचं असेल तर हे घ्या. मराठी गाण्यांचा कारवां वेगळा मिळतो, घरात भावगीतं, अभंग जास्त चालत असतील तर तो बघा, आम्ही हिंदी घेतला तो आईच्या लताबाईंसाठी. दुकानात जाताना आपल्या ओळखीचं एक गाणं पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि ते पूर्ण वाजवून मागा, दुकानदार घाई करत असला तरी. घरी आणल्यावर एकदम कोपऱ्यात ढकलून ठेवू नका, तिथं आवाज घुमतो, भिंतीपासून वीतभर पुढं ओढा. एवढं सेटिंग बास आहे.