दम्याच्या माणसाच्या खोलीत कॉइल की मच्छरदाणी?

कॉइल स्वस्त, कुठल्याही किराणा दुकानात मिळते, पेटवली की झालं. पण ती तासन्‌तास धुमसत राहते आणि धुरातून पीएम 2.5 हे अतिसूक्ष्म कण सोडते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधले हे कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. त्यात डासांच्या भीतीनं खिडक्या बंद, म्हणजे सगळा धूर खोलीतच. दमेकऱ्याच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या असतात. धुरानं त्या आणखी आवळतात, छातीत घरघर सुरू होते.

मच्छरदाणीत उकडतं, पंख्याचा वारा कमी लागतो, रोज बांधायचा कंटाळा येतो, हे खरंच. पण ती हवेत काहीच सोडत नाही. धूळ मात्र धरते, म्हणून अधूनमधून धुवायला हवी. सोबत चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या गरम पाण्यात धुतले तर धुळीतले माइट्स, म्हणजे दमा चाळवणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीवही, मरतात.

लिक्विडच्या मशीनला धूर नसतो, तरी त्याच्या वासानंही काहींना खोकला येतो.

मी मच्छरदाणीच निवडेन. जमलं तर खिडक्यांना जाळीही बसवा, हवा खेळती राहील. इनहेलर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.