डायरेक्टर्स कॉमेंटरी : चित्र दुसऱ्यांचं, बढाई याची

रॉब ब्रायडनची 'डायरेक्टर्स कॉमेंटरी' ही २००४ सालची ब्रिटिश कॉमेडी, तिकडे आयटीव्हीवर लागायची. ब्रिटिश कॉमेडी म्हटलं की आपल्याकडे लोक तीच ती चार नावं घेतात, हिचं नाव मी तरी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही, आणि मला ती इतकी आवडलीय की जरा सविस्तरच लिहिते.

कल्पना अगदी साधी. पीटर डी लेन नावाचा एक दिग्दर्शक आहे, म्हणजे असा माणूस खरा कोणी नाही, ब्रायडनने उभा केलेलं पात्र आहे, आणि तो जुन्या टीव्ही मालिकांचे सीन चालू असताना वरून बोलत राहतो की हे मी केलं, हा शॉट माझा, हा नट माझ्यामुळे असा उभा राहिला. मालिका मात्र खऱ्या, लोकांनी वर्षानुवर्षं बघितलेल्या, अमेरिकेची 'बोनान्झा' आहे, इंग्लंडची 'फ्लॅम्बर्ड्स' आहे. मूळ फुटेज आहे तसंच, सगळा खेळ वरच्या आवाजाचा.

मी कुडाळात व्हिडिओ एडिटिंगचं काम करते, लग्नं, बारशी, जत्रेतली दशावतारी नाटकं असं सगळं, त्यामुळे ही गोष्ट मला जास्तच भिडली. टाइमलाइनवर तेच चित्र ठेवून खालचा ऑडिओ ट्रॅक बदलला की माणूस वेगळाच दिसायला लागतो हे मी रोज बघते. नवरीची आई नुसती दाराकडे बघत उभी आहे, त्याखाली सनई टाकली की ती लेकीच्या पाठवणीने हळवी झालीय असं वाटतं, आणि जेवणाच्या पंगतीचा गलका टाकला की वाढपी कुठे राहिले म्हणून बघतेय असं वाटतं. चित्र बिचारं काहीच बोलत नाही, आवाज जे म्हणेल ते त्याला मान्य. या एवढ्याशा गोष्टीवर अख्खी मालिका उभी करायची म्हणजे हिंमत लागते, कारण ना नवा सेट, ना दुसरे नट, हातात फक्त जुनं फुटेज आणि एक गळा.

आता ज्यांना कॉमेंटरी हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. डीव्हीडीवर सिनेमाबरोबर एक वेगळी ध्वनिपट्टी असायची, ती लावली की सिनेमा चालू असताना दिग्दर्शक नाहीतर नट बाजूला बसून गप्पा मारल्यासारखे बोलायचे. आपल्याकडे घराघरात पोचल्या त्या व्हीसीडी, त्यावर हे काही मिळायचं नाही, त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांची याच्याशी कधी गाठच पडली नाही. याची सुरुवात डीव्हीडीच्याही आधीची आहे. १९८४ साली क्रायटेरियन कंपनीने १९३३ चा 'किंग काँग' लेझरडिस्कवर काढला तेव्हा रोनाल्ड हेवर या माणसाने पहिली कॉमेंटरी केली, आणि हा हेवर दिग्दर्शक नव्हता, लॉस एंजेलिसच्या म्युझियममध्ये सिनेमाचा विभाग सांभाळणारा जाणकार होता. म्हणजे या प्रकाराचा जन्म झाला तो दुसऱ्याचं काम प्रेमाने उलगडून सांगायला. पुढे डीव्हीडीचा जमाना आला, प्रत्येक सिनेमाला कॉमेंटरी हवीच झाली, मग सांगण्यासारखं असो नसो दोन दोन तास बोलायचं आणि शेवटी माणूस स्वतःबद्दलच बोलायला लागायचा. डी लेन जन्माला आला तो नेमका त्या वेळी.

बोनान्झाचं उदाहरण घेते कारण ते कळलं की मालिकेची खरी मजा कळते. बोनान्झा १९५९ ते १९७३ चालली, १४ सीझन, चारशेच्या वर भाग. नेवाडातला गुराढोरांचा मोठा रँच, बाप बेन कार्टराइट आणि त्याची तीन मुलं, घोडे, बंदुका, आणि सगळं रंगीत, ज्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक घरी टीव्ही काळापांढराच होता. रंगीत का, तर एनबीसी चॅनल आरसीए कंपनीचं आणि आरसीएला रंगीत टीव्ही विकायचे होते. मग थोडे सीझन झाल्यावर यातली माणसं जवळजवळ प्रत्येक भागात तेच कपडे घालून दिसायला लागली, मधल्या हॉसची ती उंच फिकट टोपी आणि तपकिरी जाकीट, धाकट्या जोचा हिरवा कोट, थोरला अॅडम कायम काळ्यात. हे यासाठी की घोडा दौडवतानाचं जुनं फुटेज कुठल्याही भागात चिकटवता यावं आणि डमी माणूस वापरला तरी लांबून ओळखू येऊ नये. काम करणाऱ्या माणसाला यातली अक्कल लगेच कळते, मी स्वतः जत्रेच्या व्हिडिओत गर्दीचे जादा शॉट घेऊन ठेवते ते याचसाठी. पण एखाद्या डी लेनला तो हिरवा कोट दाखवा, तो म्हणणार हा रंग मी निवडला, यात धाकट्या मुलाचं एकटेपण आहे. हे वाक्य माझं, मालिकेतलं नाही, पण तिची जात हीच. पैसे वाचवायला केलेल्या गोष्टीला मागाहून मोठा अर्थ चिकटवायचा आणि तो अर्थ आपल्या नावावर करायचा.

आणि यात अजून एक गंमत आहे जी टीव्हीचं काम माहीत असलेल्याला जास्त लागते. अशा लांबलचक मालिकांना एक दिग्दर्शक नसतोच. बोनान्झाचे भाग कितीतरी जणांनी केले, पुढे मोठा झालेला रॉबर्ट ऑल्टमनसुद्धा १९६० च्या आसपास त्यात काही भाग करून गेला. मालिकेचा सूर ठरवणारा माणूस निर्माता, डेव्हिड डॉर्टॉर्ट, ज्याने ती उभी केली. दिग्दर्शक यायचा, हातात आलेली संहिता आठवड्याभरात उरकायचा, की पुढच्या भागाला दुसरा. फ्लॅम्बर्ड्स तर पार दुसऱ्या टोकाची, १९७९ साली यॉर्कशायर टेलिव्हिजनने केलेली, १३ भागांची, के. एम. पेटन यांच्या कादंबऱ्यांवरची, एक अनाथ मुलगी, घोड्यांचं वेड असलेलं घर आणि त्यात विमान उडवायला निघालेला मुलगा. आता कुठे नेवाडाचे काउबॉय आणि कुठे पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेचं इंग्लंडमधलं खेडं, आणि डी लेन म्हणतो दोन्ही मीच. हा दावा ऐकतानाच हसू येतं, त्याने पुढे काही बोलायच्या आधीच.

ब्रायडनच्या आवाजाबद्दल लिहायलाच पाहिजे. हा वेल्सचा माणूस, आधी रेडिओवर होता, जाहिरातींना आवाज द्यायचा, नकला तर अशा करतो की डोळे मिटून ऐकावं. म्हणजे आवाज हेच त्याचं हत्यार आणि इथे ते पूर्ण वापरायला मिळालंय. २००० साली बीबीसी टू वर त्याने 'मॅरियन अँड जेफ' केली होती, त्यात कीथ बॅरेट नावाचा टॅक्सीवाला गाडीत एकटाच बसून कॅमेऱ्याशी बोलतो, बायको मॅरियन त्याला सोडून जेफकडे गेलीय आणि हा सगळं कसं छान चाललंय ते सांगतोय, आणि आपल्याला आतून तुटत जातं. तीच कला इथेही आहे. माणूस एक सांगतोय आणि ऐकणाऱ्याला दुसरंच कळतंय. बढाई मारणारा माणूस नुसता बढाईखोर दाखवला असता तर पंधरा मिनिटांत कंटाळा आला असता, पण डी लेनच्या बोलण्यात मला सारखं जाणवत राहिलं की अरे हा आयुष्यभर कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिलेला माणूस आहे, याला कोणी बघितलंच नाही, आता कोणीतरी बघावं म्हणून हा धडपडतोय.

आमच्या आजोळी गणपतीला एक जुनी कॅसेट लागायची, वाडीतल्या पोरांनी केलेल्या नाटकाची, व्हीएचएसवरून सीडीवर घेतलेली, चित्रावर नुसत्या मुंग्या. आमचे मोठे मामा त्या नाटकात प्रॉम्प्टर होते. अख्ख्या कॅसेटमध्ये ते एकदाही दिसत नाहीत, पण कॅसेट सुरू झाली की मामा सुरू. "ह्यो पडदो मिया बांधलेलो. ती बत्ती दिसता मां, ती मियाच आणलेली." कोणी बोललं की "गप रवा, आता माझो आवाज येतलो", आणि खरंच, राजाचं काम करणारा अडकतो आणि विंगेतून बारीक आवाजात पुढचं वाक्य येतं, मग मामांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते कुठल्या नटाच्या चेहऱ्यावर मी बघितलेलं नाही. लहानपणी आम्हाला राग यायचा, नाटक ऐकू द्या ना म्हणून. डी लेनला ऐकताना मामा आठवत राहिले. फरक एवढाच आणि तो फार मोठा आहे की मामांनी पडदा खरंच बांधला होता.

कोकणातल्या माणसाला ही मालिका जवळची वाटेल असं मी म्हणते ते म्हणूनच. आपल्याकडे नाटकाचं वेड घरोघरी आहे आणि नाटकातल्या मोठेपणाची मस्करीही आपल्याला नवी नाही, गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आणि त्यात मच्छिंद्र कांबळींचे तात्या सरपंच, गावचं नाटक उभं करताना उडणारा सगळा गोंधळ, यावर पिढ्या हसल्यात. पण दशावतारात बघा, लिहिलेली संहिता नसते, नट उभ्या उभ्या संवाद रचतात, एकाने टाकलेला शब्द दुसरा उचलतो, खाली पायपेटी आणि पखवाज त्यांचा अंदाज घेत वाजतात, पहाटेपर्यंत हे चालतं, आणि हे कोणी दिग्दर्शित केलं म्हणून विचारलं तर एकाचं नाव सांगताच येत नाही. मेकअप ज्याचा तो करतो. हे रात्र रात्र शूट करून मग कापायला बसलेल्या माणसाला डी लेनचं 'मी, मी' कानाला फार टोचतं आणि म्हणूनच त्याच्यावर हसताना बरं वाटतं. त्याचा आवाज जितका वाढतो तितकं माझं लक्ष फ्रेमच्या कडेला जातं, मागे घोडा धरून उभा असलेला तो एक्स्ट्रा, खिडकीतून नीट पडलेला उजेड, ते कोणीतरी केलंय ना.

आता खटकलेलं. सलग बघू नका, लागोपाठ बघितली की युक्ती पुढे दिसायला लागते, चित्र आलं की हा काय म्हणेल ते आपण आधीच ओळखतो. दुसरं म्हणजे मूळ मालिका तिकडच्या प्रेक्षकाच्या बालपणीच्या आहेत, त्याला तो चेहरा बघूनच अर्धं हसू येत असणार, आपल्याला ते मिळत नाही. बोनान्झाचं तसं नाही, काउबॉय कोणालाही कळतात, पण फ्लॅम्बर्ड्सला मला आधी मूळ गोष्ट काय ते वाचावं लागलं, मग मजा आली. आणि इंग्रजी भराभर आहे, गंमत शब्दाइतकीच थांबण्यात आणि सुरात आहे, त्यामुळे काम करता करता मागे लावून ठेवायची ही मालिका नव्हे. मोबाईलच्या स्पीकरवर तर नकोच, पावसात पत्र्याखाली बसून बघायचा प्रयत्न केला तर अर्धं वाया जाईल, चांगला हेडफोन लावा.

ज्यांना धडाधड विनोद लागतात, दर मिनिटाला हशा हवा असतो, त्यांना ही संथ वाटेल, त्यांनी वेळ घालवू नये. पण ज्यांनी एकदा तरी नाटकात पडदा ओढलाय, मंडळाच्या कार्यक्रमाला माईक धरलाय, एडिटिंग केलंय, डबिंग केलंय, त्यांनी नक्की बघा. सुरुवात बोनान्झापासून करा, त्याआधी मूळ बोनान्झाचा एखादा भाग नुसता बघून घ्या, सगळा नको, दहा मिनिटं पुरे, म्हणजे तो हिरवा कोट आणि ती उंच टोपी डोळ्यासमोर राहील. मग डी लेनला बोलू द्या.