दुसरा टेरियर आणायचाय? जॅक रसेल, वायर फॉक्स की वेस्टी

एक टेरियर कुत्रा घरात रुळलाय, दोन-अडीच वर्षांचा झालाय आणि आता "त्याला जोडीदार आणू या" असं घरात चाललंय, अशांसाठी हे लिहितेय. आमच्याकडे साताऱ्यात तीन आहेत. मिरची आणि गोट्या हे जॅक रसेल, आणि दाढीमुळे ज्याचं नाव बुवा पडलं तो वायर फॉक्स. वेस्टी, म्हणजे वेस्ट हायलँड व्हाइट, माझ्या मावसबहिणीकडे सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये आहे. ते लोक गावाला गेले की त्याचा मुक्काम आमच्याकडेच.

जातींची पारख शिमगा ते अक्षय्य तृतीया या काळातच करावी. थंडीत सगळीच कुत्री गुणी असतात. ऊन चढायला लागलं, शेतातला गहू निघाला, गोचीड बाहेर पडले, गच्चीवर वाळवणं आली, की कोण कसं आहे ते कळतं.

मापं आधी सांगून टाकते. जॅक रसेल खांद्यापर्यंत २५ ते ३० सेंटिमीटर, वजन पाच-सहा किलो. वेस्टी उंचीला तेवढाच, २८ च्या आसपास, पण अंगाने भरीव, सात ते दहा किलो. वायर फॉक्स ३९ सेंटिमीटरपर्यंत जातो, वजन आठ किलोच्या आसपास. कागदावर तिघंही "लहान कुत्री". तिघांची घराणी इंग्लंड-स्कॉटलंडची, आणि बिळातल्या जनावराला हुसकून काढणं हाच तिघांचा पिढीजात धंदा. जॅक रसेलचं घराणं तर डेव्हनमधल्या जॉन रसेल नावाच्या पाद्र्याने कोल्ह्यांच्या शिकारीसाठी तयार केलं. ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ मध्ये, त्याने एका दूधवाल्याकडून ट्रंप नावाची कुत्री घेतली, तिथून ते सुरू झालं. तुमच्या अंगणातला मोगरा मुळासकट वर येतो, त्याची सुरुवात त्या दूधवाल्याच्या दारात आहे.

केस: इथेच निम्मा निर्णय होतो

लोक विचारतात, "कमी केस गाळणारं कुठलं?" गुळगुळीत केसांचा जॅक रसेल फाल्गुनात इतका गळतो, की काळ्या पॅंटवर, सोफ्यावर, कणकेच्या डब्याच्या झाकणावरसुद्धा बारीक पांढरे केस सापडतात. ते केस टोकदार असतात, कापडात रुततात, झाडून निघत नाहीत. पण त्याची देखभाल शून्य. रबरी हातमोजा फिरवला की झालं. मिरचीला मी अंगणातल्या नळाखाली धरते आणि दोन मिनिटांत सोडते.

वायर फॉक्सचे केस आपोआप गळत नाहीत, म्हणून घर स्वच्छ दिसतं. मेलेले केस त्याच्या अंगावरच अडकून राहतात आणि ते हाताने उपटून काढावे लागतात. याला स्ट्रिपिंग म्हणतात. नीट केलं तर दुखत नाही, बुवा मध्येच झोपतोसुद्धा. पण हे करणारा माणूस आपल्याकडे शोधावा लागतो. बहुतेक ठिकाणी मशीन फिरवून मोकळे होतात, आणि मशीन फिरवत राहिलं की तारेसारखे केस मऊ पडतात, रंग फिका होतो आणि आत घाण धरते. पुण्याला नेणं किंवा स्वतः शिकणं, असे दोनच मार्ग. मी शिकले. आठवड्याला एक संध्याकाळ, मालिका बघत, मांडीवर टॉवेल पसरून. ज्यांना असलं बसकं काम आवडत नाही त्यांनी वायर फॉक्स आणू नये, तो फोटोत कितीही रुबाबदार दिसला तरी.

वेस्टीचं दुखणं केसांपेक्षा कातडीचं. या जातीत त्वचेची ॲलर्जी जास्त दिसते, आणि उन्हाळा तोंडावर आला की खाज, लाल पोट, पाय चाटणं सुरू. सांगलीच्या उन्हात मावसबहिणीने औषधी शांपूची बाटली फ्रीजशेजारीच ठेवलीय. वर तो पांढराशुभ्र. रंगपंचमी आपल्या भागात धुळवडीपेक्षा जोरात असते, त्या दिवशी तो घराबाहेर पडला की गुलाबी होऊनच परत येणार. रंग त्याने चाटू नये म्हणून तो दिवस आतल्या खोलीतच काढावा, हे तिन्ही जातींना लागू.

अजिंक्यताऱ्याच्या उतारावर किंवा यवतेश्वरच्या बाजूला फिरायला नेणार असाल तर कुसळांचा विचार करा. वाळलेल्या कुसळी गवताची टोकं भाल्यासारखी असतात, पुढेच घुसतात, मागे येत नाहीत. जॅक रसेलच्या अंगावरून बरीचशी झटकली जातात. वायर फॉक्सच्या दाढीत, काखेत, बोटांच्या बेचक्यात ती बसतात, आणि कानात गेलं तर डॉक्टरांकडेच जावं लागतं. फिरून आल्यावर बुवाला मी ओट्यावर उभा करते, आधी चारही पाय उलटे करून बघते, मग कान, मग दाढी कंगव्याने. मिरची-गोट्याला नुसता हात फिरवून सोडते.

गोचीड

गोचीड तिघांनाही सारखेच लागतात. फरक आहे तो दिसण्यात. वेस्टीच्या पांढऱ्या केसांत आणि गुळगुळीत जॅक रसेलवर गोचीड लगेच सापडतो, वायर फॉक्सच्या तारेसारख्या केसांत बोटांनी चाचपावं लागतं. पण अनेक कुत्र्यांच्या घरात खरा शत्रू कुत्र्याच्या अंगावर नसतो, भिंतीत असतो. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते आणि दाराच्या चौकटीत, स्विचबोर्डमागे, दगडी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणून एका कुत्र्याला गोळी आणि दुसऱ्याला पुढच्या महिन्यात, हे चालत नाही. सगळ्यांना एकाच दिवशी. गोळ्या दोन तऱ्हेच्या मिळतात, महिन्याला एक द्यायची आणि साधारण बारा आठवडे चालणारी. वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील ती. तिघांचा खर्च एकदम येतो, ही गोष्ट दुसरं-तिसरं कुत्रं आणण्याआधी वहीत मांडा. गोचीडतापात हिरड्या पांढरट पडतात, कुत्रं जेवण सोडतं, कधी नाकातून रक्त येतं. मग एक दिवसही थांबू नये. साताऱ्याकडच्यांना गुंतागुंतीच्या आजारासाठी शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय जिल्ह्यातच आहे, हा मोठा आधार.

वाळवण, बेदाणे आणि चिंच

आमच्या गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया पडतात तेव्हा तिघांचे तीन स्वभाव समोर येतात. गोट्या साडीच्या मधूनच पळत जातो, कारण पलीकडे खार दिसलेली असते. मिरची कोपऱ्यातल्या ओल्या कुरडईचा चीक चाटते आणि आपण बघितलं की शेजारच्या कुंडीचा वास घेत असल्यासारखं करते. बुवा साडीच्या कडेला बसतो आणि एकही कावळा उतरू देत नाही. सासूबाईंनी त्याला पगारी माणूस ठरवलंय. पाहुणा वेस्टी सावलीत आडवा होतो, त्याला यात रस नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हा शेवटचा स्वभाव कसा सोन्यासारखा वाटेल ते मला कळतं.

पण खाण्याच्या बाबतीत तिघांवरही भरवसा नको, आणि सांगलीकरांनी तर मुळीच ठेवू नये. तासगावकडून द्राक्षांच्या पेट्या येतात, बेदाण्याची पोती घरात पडतात, पोरं सोफ्यावर बसून खातात आणि चार दाणे खाली पडतात. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहे. किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा नेम नसतो, एखादं कुत्रं थोड्यावरच आजारी पडतं. त्यातलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं असं आता मानतात, आणि चिंचेतही तेच आम्ल भरपूर. म्हणजे अंगणात चिंचा फोडायला बसलात की टेरियर आत. पाच-सहा किलोच्या जॅक रसेलला कमी मात्राही जड जाते, आणि खाली पडलेलं उचलण्यात त्याचाच पहिला नंबर. आंब्याची कोय ही वेगळी भानगड, ती आतड्यात अडकते.

शिकार

गहू-हरभरा निघाला की शेतातले उंदीर वस्तीकडे सरकतात. इथे जॅक रसेलला तोड नाही. दोन जॅक रसेल असले तर एक बिळाशी आणि दुसरा पळवाटेवर, कुणी न शिकवता. वायर फॉक्स ताकदवान, पण त्याला आधी सगळ्या गल्लीला ओरडून सांगायचं असतं. वेस्टी खोदतो मनापासून, पण ऊन लागलं की थांबतो.

शेजारी उंदराचं विष टाकत असतील तर हाच गुण अंगाशी येतो. विष खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तर विष त्याच्याही पोटात जातं. शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा. आणि साप. उन्हाळ्याच्या तोंडावर साताऱ्याच्या डोंगरउतारावर फुरसं, उसाच्या कडेला घोणस, नाग. टेरियर मागे हटत नाही, आणि दोन-तीन असले की एकमेकांच्या जोरावर आणखी पुढे जातात. एकटा गोट्या हाक मारली की परततो. मिरची बरोबर असली की दोघांनाही माझा आवाज ऐकू येत नाही. शेताला लागून घर असेल तर जॅक रसेलची जोडी सोडून ठेवायची नाही, पट्टा लागतोच.

जातीपेक्षा जोडी महत्त्वाची

इतकं सगळं लिहून सांगते: पहिला नर असेल तर दुसरी मादी आणा, पहिली मादी असेल तर नर. जात त्यानंतर ठरवा. टेरियरांत दोन माद्यांचं भांडण लागलं की ते मिटत नाही, वर्षभर गोडीने राहून एके दिवशी पेटतं आणि मग घरात कायमची दोन दारं बंद ठेवावी लागतात. एकाच विणीची दोन पिल्लं एकदम आणणं, "एकमेकांना सोबत होईल" म्हणून, हाही मोह टाळा. ती एकमेकांची होतात, तुमची होत नाहीत. नर-मादी आणलीत तर मादीची पिशवी काढायचं किंवा नराचं ऑपरेशन वेळेत ठरवा. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, तीन आठवडे तो गोंधळ चालतो, आणि फ्लॅटमध्ये तो सोसवत नाही.

पिल्लू घेताना आईबाप बघा. जॅक रसेल आणि वायर फॉक्स दोन्हींत डोळ्यातलं भिंग निसटण्याचा आनुवंशिक आजार असतो, त्याची डीएनए तपासणी होते. विकणारा "असलं काही नसतं" म्हणाला तर चहा पिऊन निघा.

पाडव्याचा मुहूर्त साधून पिल्लू आणायची पद्धत पडलीय, मला ती पटत नाही. आठ आठवड्यांच्या पिल्लाचे लसीचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, तोवर बाहेर नेता येत नाही. म्हणजे चैत्र-वैशाख घरात कोंडलेलं पिल्लू, उकाडा, आणि बाहेर काढायच्या वेळी पाऊस. शी-शू शिकवायचं ते भर पावसात. शिवाय या दिवसांत गावोगावच्या यात्रा. एक कुत्रं गाडीत घालून नेता येतं, तीन नेली तर भावकी दारातच थांबवते. दसरा-दिवाळीला आणलेलं पिल्लू मार्चपर्यंत मोठं झालेलं असतं आणि पहिला उन्हाळा सोसायला तयार असतं.

मग कुणी काय आणावं

सातारा सांगलीपेक्षा दोनेकशे मीटर उंच. संध्याकाळी वारं सुटतं, कुत्र्यांना सातनंतर परत फिरवता येतं. सांगलीत एप्रिलमध्ये रस्ता रात्रीपर्यंत तापलेला असतो. तळहात डांबरावर टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही.

साताऱ्यात अंगण, कंपाउंड पक्कं आणि घरात सकाळी तासभर चालणारा माणूस असेल, तर जॅक रसेलला वायर फॉक्सची जोडी मी डोळे झाकून सुचवीन, फक्त स्ट्रिपिंग शिकायची तयारी हवी. ती नसेल तर दुसराही जॅक रसेलच, आणि केस झाडत बसा. सांगलीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, एसी किंवा कूलर दुपारभर चालू शकत असेल, तर वेस्टी. पण कातडीच्या औषधपाण्याचे पैसे बाजूला काढून. फ्लॅटमध्ये दोन जॅक रसेल आणू नका. बेल वाजली की दोघं मिळून जो कल्ला करतात तो सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय होतो.

तिसऱ्याचा विचार करणाऱ्यांनी दुसऱ्यानंतर दोन उन्हाळे जाऊ द्यावेत. दोन कुत्री ही जोडी असते, तीन झाली की टोळी, आणि टोळीला फिरवायला दोन माणसं लागतात. संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे, तिच्याकडे बोट दाखवून आमचे हे म्हणतात, राजालाही एकच लाडका होता. ते म्हणतात तेव्हा तीन पट्टे त्यांच्याच हातात असतात.