अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ, जीआय ब्रॅकेट आणि न दिलेला वायसर : १४ महिन्यांनंतर

पहिल्या पावसाळ्यानंतर पाचपैकी चार तारे दिले होते. आता अडीच. त्यातला अर्धा कुठून आला ते खाली आहे.

तक्रार एकच आणि ती दोन-तीन रुपयांची. पन्हळ अ‍ॅल्युमिनियमची, ब्रॅकेट जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड), आणि दोन्हींच्या मध्ये घालायला किटमध्ये काहीच नाही. ना रबरी पट्टी, ना वायसर. कंपनीच्या नावाचे स्टिकर मात्र दोन.

ब्रॅकेटपाशी पांढरी पावडर धरली, मग तपकिरी डाग, मग पन्हळीला सुईएवढी भोकं. कस्टमर केअरचं उत्तर : "हवेमुळे होतं, वॉरंटी फक्त रंगाची." हवेमुळे असतं तर सगळीकडे झालं असतं. ९ मीटरला १३ ब्रॅकेट आहेत, गेले दोनच. दोन्ही नेमके कूलरखालचे.

वेगळे धातू नुसते टेकले म्हणून गंजत नाहीत, मध्ये ओल लागते. सोलापुरात पन्हळ वर्षातला बराच काळ ठणठणीत कोरडी. पण मार्च ते जून कूलरचं बोअरचं पाणी थेंबथेंब गळत राहतं, आणि क्षार जितके जास्त तितका त्या पाण्यातून दोन धातूंमधला विजेचा प्रवाह सोपा, आणि गंज त्यानेच चढतो. जीआयवरचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि अ‍ॅल्युमिनियमला सांभाळतं. ते संपून लोखंड उघडं पडलं की पाळी पन्हळीची. म्हणजे माल खराब झाला उन्हाळ्यात, आणि शिव्या खाल्ल्या पावसाळ्याने. यात कूलरची नळी पन्हळीत सोडणाऱ्याचाही वाटा आहे, म्हणून तो अर्धा तारा परत. वायसरची तक्रार कायम.

दुरुस्ती अशी. ब्रॅकेट काढा, पावडर नायलॉनच्या घासणीने घासा. तारेचा ब्रश नको, लोखंडाचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच परत सुरू होतं. धुऊन पूर्ण वाळवा. बारीक भोकं न्यूट्रल सिलिकॉनने बुजवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन स्वस्त मिळतं, पण ते जस्त खातं. ब्रॅकेटला डांबरी रंगाचे दोन हात द्या. फक्त पन्हळ रंगवून ब्रॅकेट तसाच ठेवू नका : रंगाला जिथे ओरखडा पडेल, सगळा मारा त्या एका टिंबावर येतो. मध्ये २-३ मिमी जाडीची ईपीडीएम (ऊन-पाण्यात टिकणारं रबर) पट्टी, ब्रॅकेटपेक्षा दोन्ही बाजूंना ५ मिमी रुंद. स्क्रू ५ मिमीचा असेल तर भोक ८ मिमी करून नायलॉन बुश (स्क्रूभोवतीची छोटी नळी) घाला, म्हणजे दांडाही टेकत नाही. डोक्याखाली ईपीडीएम वायसर. ड्रिलचा चुरा लगेच झाडून टाका.

किटमधले स्टेनलेस स्क्रू ठीक आहेत. छोटा स्क्रू, मोठी पन्हळ, नुकसान पसरून जातं. उलट केलं, म्हणजे स्टेनलेसच्या पत्र्यात जीआय स्क्रू, तर स्क्रूच लवकर जातो. याच हिशेबाने तोंडावरची स्टेनलेस जाळी काढून प्लास्टिकची बसवा. तिचं क्षेत्रफळ मोठं, आणि तळाशी धूळ-पाल्याचा चिखल सगळ्यात शेवटी वाळतो. उतार मीटरला ५ मिमी ठेवला की चिखलही कमी साचतो.

गच्चीवर सोलर हीटर असेल तर त्याचा तांब्याचा पाइप पन्हळीवर गळत नाही ना ते पाहा. इथे वायसरचा उपयोग शून्य. तांब्यावरून आलेलं पाणी तांबं घेऊनच उतरतं, ते अ‍ॅल्युमिनियमवर बसतं आणि भोकं पाडतं. तांबं खाली चालेल, वर नाही.

काम नीट झालं का हे मल्टिमीटरच्या बझरवर तपासा, सगळं कोरडं असताना. एक टोक ब्रॅकेटच्या उघड्या धातूला (रंगावर नको), दुसरं पन्हळीच्या न रंगवलेल्या कडेला. वाजला म्हणजे दोन्ही धातू अजून कुठेतरी टेकताहेत. पन्हळीतून खाली उतरणारा पाइप लोखंडी असेल तर तो तेवढ्यापुरता सोडवा. सगळे ब्रॅकेट एकाच लोखंडी अँगलवर आहेत, त्यामुळे एकाचाही वायसर राहिला तरी मीटर तेराच्या तेरा ठिकाणी वाजतो. शेवटचा बसेपर्यंत बझर थांबत नाही.