टेन्स मशीन: पडून नव्हे, उठून वापरायचं

बेळगाव-निपाणीकडच्या सर्जिकल दुकानांत ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं, दोन चॅनेलचं (पॅडच्या दोन जोड्यांचं) टेन्स मशीन मिळतं: कातडीवर पॅड लावून हलका करंट सोडायचा, दुखणं तेवढ्यापुरतं दबतं. कंबर तीन महिन्यांपेक्षा जास्त दुखतेय आणि हलायचीच भीती बसलीय, अशा माणसाने चालायला लागण्यापुरतं ते जरूर घ्यावं. लावून पडून राहिलं की दुखणं जाईल, या आशेने घेणार असाल तर पैसे वाचवा. आराम मुख्यतः मशीन चालू असताना आणि नंतर थोडा वेळ मिळतो. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्ये, दुसऱ्या आजाराने नीट उलगडत नाही अशा जुनाट दुखण्यासाठी टेन्स देऊ नका, व्यायाम द्या, असं सांगितलंय.

म्हणून मशीन चालू असतानाचा वेळ चालण्यात घालवा. आधी तीन दिवस मशीन न लावता, दुखणं वाढेपर्यंत किती मिनिटं चालता येतं ते लिहा. १२, ८, १० आली तर सरासरी १०. सुरुवात त्याहून थोडी कमी, ८ मिनिटांनी करा आणि आठवड्याला एकच मिनिट वाढवा. बरं वाटलं म्हणून जास्त चालायचं नाही, दुखलं म्हणून अजिबात सोडायचंही नाही. बहुतेकांचं इथेच बिघडतं: चांगल्या दिवशी दिवसभर भातलावणी, मग चार दिवस अंथरूण. ‘हे आठवडाभर जमेल असा दहापैकी किती भरवसा?’ असं घरच्यांनी विचारावं. उत्तर सातच्या खाली आलं तर मिनिटं कमी करा, माणसाला बोलू नका.

मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांना मशीनचा टायमर फार कामाचा. तो ३० मिनिटांवर लावा. वेळ संपून मशीन बंद झालं की उठायचं. मजुरी हजारावर मिळत असल्याने उठणं जिवावर येतं, हे खरं आहे. पण तीनशे विड्यांना कंबर धरत असेल तर अडीचशेलाच उठा.

पॅड मणक्यावर नाही, दुखऱ्या जागी मणक्याच्या दोन्ही बाजूंना लावा. कातडी साबणाने धुऊन कोरडी करा. तेल-बाम असेल तर पॅड सुटतो. फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती ठोके) ८० ते १०० हर्ट्झ, जोर ठसठशीत मुंग्या येतील इतकाच. चटका बसला तर पॅड वाळलाय: करंट छोट्या जागेतून जातो, पॅड बदला. वायर ओढून पॅड काढू नका, पिनपाशी तुटते.

पेसमेकर असेल तर नको. गळ्यावर, गरोदरपणी पोटावर, मधुमेहाने बधिर झालेल्या पायावर नको. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मोठी उणीव म्हणजे माहितीपत्रक बहुधा फक्त इंग्रजीत असतं, ना मराठीत ना कन्नडात. दुकानदाराकडून प्रत्येक बटणाशेजारी चिकटपट्टीवर मराठीत आकडे लिहून घ्या, मगच पैसे द्या.